बालकांच्या अंगाला लागणारे रंग : औषधिद्रव्यांच्या दुकानातून काय द्यावे, काय देऊ नये

बालवाड्या, छंदवर्ग आणि उन्हाळी शिबिरे यांत अलीकडे एक उपक्रम रूढ झाला आहे. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना मोठ्या कागदावर बोटांनी, तळहातांनी आणि पावलांनी रंगवू दिले जाते. गालावर फुलपाखरू, कपाळावर वाघाचे पट्टे, हातावर मेहंदी असे अंग रंगविण्याचे खेळही त्यासोबत होतात. बाजारातील रंगांविषयी पालकांच्या मनात धास्ती असते. म्हणून रंग घरीच करावेत असे शिक्षिका सुचवितात आणि मग पालकांची पावले आयुर्वेदीय औषधांच्या दुकानाकडे किंवा ओळखीच्या वैद्यांकडे वळतात. हळद, मेहंदी, गेरू, शंखजिरे, टाकणखार अशी यादी त्यांच्या हाती असते आणि तोंडी एकच मागणी असते : नैसर्गिक हवे, केमिकल नको.

या मागणीत आपल्या शास्त्रावरचा विश्वास आहे आणि तो आदरास पात्र आहे. परंतु ज्या फडताळात हळदीची बरणी असते त्याच फडताळात हरताळ, हिंगूळ, शेंदूर, मोरचूद आणि बिब्बाही असतो. ही सारी द्रव्येही ‘नैसर्गिक’च आहेत. तेव्हा द्रव्य निसर्गातून आले एवढ्याने ते बालकाच्या अंगाला लावण्याजोगे ठरत नाही. ते कोणास, कोणत्या वयात, किती मात्रेत आणि कोणत्या मार्गाने पोहोचणार, याचा विचार करावाच लागतो. तो विचार ग्राहकाने करावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही. तो द्रव्य जाणणाऱ्यानेच केला पाहिजे. प्रस्तुत लेखात आम्ही या विषयाची व्यवहारोपयोगी मांडणी करीत आहोत.

खेळाचे मोल

प्रथम हे स्पष्ट करावयास हवे की या उपक्रमांना आमचा विरोध नाही. अंग बरबटवून घेण्याचा हा खेळ बालकास मनापासून आवडतो आणि त्याच्या वाढीस तो उपकारकही आहे. ओले, कोरडे, घट्ट, पातळ, गुळगुळीत, खरबरीत हे स्पर्शभेद त्यातून कळतात. बोटांची पकड सुधारते. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो हे कार्यकारणही मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहते.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात बालकाची खेळणी कशी असावीत याचे वर्णन आले आहे. ती रंगीबेरंगी, नाद करणारी आणि मनोहर असावीत. मात्र ती जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात जाऊ शकतील अशी नसावीत, प्राणास अपाय करणारी वा भीती उत्पन्न करणारी नसावीत, असे आचार्यांनी सांगितले आहे. रंग आणि मनोहरता यांना तेथे आधी स्थान आहे आणि लगोलग सुरक्षिततेच्या अटी आहेत. आजच्या बोटरंगांना हेच निकष लावावयाचे आहेत. अडचण एवढीच की रंग हे असे खेळणे आहे, ज्याला ‘तोंडात जाणार नाही’ ही अट पाळताच येत नाही.

एकच कसोटी : अंगाला लागेल ते पोटात जाईल

मोठ्या माणसाने लेप लावला तर तो त्वचेवर राहतो, ठरावीक वेळाने धुतला जातो. दोन वर्षांच्या मुलाचे तसे नाही. त्याची बोटे तोंडात जातात, डोळे चोळले जातात, रंगलेल्या हातानेच बिस्कीट खाल्ले जाते. म्हणून बालकाच्या बाबतीत बाह्य प्रयोग आणि आभ्यंतर प्रयोग हा भेद मानू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. त्यावरून एक सोपी कसोटी निघते. जे द्रव्य या मुलाला चमचाभर खाऊ घालण्यास आपण तयार नाही, ते त्याच्या रंगात घालण्यासाठी देऊ नये.

या कसोटीस शरीररचनेचाही आधार आहे. तान्ह्या बाळात वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढाच्या दुपटीहून अधिक असते. म्हणजे अंगभर लावलेल्या लेपाची मात्रा वजनाच्या हिशेबाने तितकीच वाढते. खरचटलेल्या, पुरळ आलेल्या वा लंगोटामुळे लाल झालेल्या त्वचेतून शोषणही अधिक होते. शिशासारखा धातू पोटात गेला तर बालकांच्या शरीरात तो प्रौढांच्या चार ते पाच पट प्रमाणात शोषला जाऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तातील शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, ही भूमिकाही त्याच संघटनेची आहे.

वर्ज्य द्रव्ये

१. खनिज वर्णद्रव्ये : शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. मुर्दाडशिंग हेही शिशाचेच. हिंगुळात पारा आहे, हरताळ व मनःशिळा यांत सोमल आहे, मोरचूद म्हणजे ताम्रगंधकीय लवण. पूर्वीच्या चित्रकारांनी यांतील पुष्कळ द्रव्ये रंग म्हणून वापरली, रसशास्त्रात शोधन-मारणादी संस्कारांनंतर त्यांना औषधाचे स्थान मिळाले. परंतु असंस्कारित अवस्थेत ती विषे आहेत. हरताळ, हिंगूळ, सिंदूर, तुत्थ ही नावे औषध नियमांच्या परिशिष्ट ई (१) मधील विषद्रव्यांच्या यादीत आहेत, हे आपण सर्व जाणतोच. मारुतीच्या मूर्तीला लावण्यासाठी शेंदूर मागणाऱ्या ग्राहकास तो देताना ‘हा लहान मुलाच्या कपाळी लावू नका, हात धुवा’ एवढे वाक्य उच्चारण्यास वेळ लागत नाही. डोळ्यांत घालण्याच्या सुरम्यात शिशाचे गंधकीय खनिज असू शकते. म्हणून गालावर किंवा कपाळावर तीट लावावयाची असेल तरी सुरमा वापरू नये.

येथे नामसादृश्याचा धोका विशेष लक्षात घ्यावा. ‘शेंदूर’ आणि ‘शेंद्री’ हे शब्द ग्राहकाच्या तोंडी सहज बदलतात. शेंद्री या नावानेही दोन भिन्न वनस्पती ओळखल्या जातात. एक, जिच्या बियांपासून खाद्यपदार्थांना केशरी रंग देतात ती. दुसरी, कंपिल्लक, जिच्या फळावरील लाल रज कृमिघ्न आणि रेचक आहे. ‘शेंद्रीचा रंग’ म्हणून कंपिल्लक दिला गेला आणि मुलांनी बोटे चाटली, तर जुलाब होणे स्वाभाविक आहे. चिठ्ठीवर लिहिलेले नाव वाचून पुडी बांधू नये. उपयोग विचारून मगच द्रव्य ठरवावे.

२. चुना आणि टाकणखार : हळदीत चुना मिसळला की लाल रंग येतो हे घराघरांत माहीत आहे. हळदीतील पीतद्रव्य क्षाराच्या संपर्कात लाल होते. मुलांना ही गंमत दाखविण्यासाठी वर्गात चुन्याची डबी उघडली जाते. चुना डोळ्यात गेल्यास बुबुळास कायमची इजा होऊ शकते आणि पानाच्या चुन्याची पुडी हाताळताना ती फुटून मुलांचे डोळे गेल्याच्या नोंदी आपल्या देशातील नेत्रतज्ज्ञांनी केल्या आहेत. ही गंमत खाण्याच्या सोड्याच्या चिमटीनेही, कागदावर, मोठ्यांच्या हातून दाखविता येते.

टाकणखाराचा विचार स्वतंत्रपणे करणे भाग आहे. हळद, लिंबाचा रस, तुरटी आणि टाकणखार यांच्या योगाने कुंकू करण्याची रीत जुनी आहे. त्यातील लाल रंग टाकणखारातील बोरॉन व हळदीचे पीतद्रव्य यांच्या संयोगातून येतो. प्रौढ स्त्रीच्या कपाळावरील बोटभर कुंकू आणि मुलाच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत फासलेले कुंकू यांच्या मात्रेत अंतर आहे. शिवाय चिकट, लवचिक ‘लगदा’ बनविण्यासाठी डिंकात टाकणखार मिसळण्याच्या कृतीही मुलांच्या हाती पडत आहेत. टंकण हे आपल्या नित्य व्यवहारातील द्रव्य असल्याने त्याविषयी निर्धास्तपणा येतो. मात्र मधात टाकणखार कालवून ती चोखणी बाळांना वारंवार दिल्याने झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. खेळासाठी म्हणून टाकणखाराची पुडी बांधू नये. एक वर्षाखालील बाळाच्या रंगात मधही नको. बोट्युलिझमचे जंतुबीज मधात असू शकते आणि त्या वयाच्या आतड्यात ते वाढू शकते.

३. दाहक व प्रकाशसंवेदक वनस्पती : बिब्ब्याच्या रसाने धोबी कपड्यांवर खुणा करीत. त्यामुळे ‘पक्की काळी शाई’ म्हणून बिब्ब्याची आठवण अजूनही काढली जाते. त्याच्या स्पर्शाने उठणारे फोड आपण चिकित्सालयात पाहतो, अधिक सांगणे नलगे. बावचीविषयीही तीच दक्षता हवी. लिंबाचा रस निरुपद्रवी वाटतो, पण तो अंगावर राहून ऊन लागल्यास त्वचेवर भाजल्यासारखे फोड आणि नंतर काळे डाग उमटू शकतात. लिंबाचे प्रयोग कागदापुरतेच ठेवावेत.

४. टिकण्यासाठी घातलेली द्रव्ये : घरगुती रंग लवकर आंबतो. तो टिकावा, वास चांगला यावा म्हणून कापूर, निलगिरी तेल किंवा कडुनिंबाचे तेल घालण्याचा सल्ला दिला जातो. कापूर आणि निलगिरी तेल थोड्या मात्रेत पोटात गेले तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात. निंबतेल पाजल्याने तान्ह्या बाळांना उलट्या, ग्लानी, झटके आल्याच्या आणि काही दगावल्याच्याही नोंदी आहेत. रंग टिकविण्यापेक्षा तो रोज ताजा करावा हाच योग्य मार्ग होय.

५. कोरडी चूर्णे : शंखजिऱ्याची पूड अत्यंत सूक्ष्म असते. ती श्वासावाटे गेल्यास बालकाच्या श्वासनलिका व फुप्फुसे यांस गंभीर इजा होऊ शकते. रांगोळी ही दगडाची पूड. ती जमिनीवर शोभते, चेहऱ्यावर नव्हे. पाच वर्षांखालील मुलांना कोणताही रंग कोरडा देऊ नये, मग तो तांदळाच्या पिठीचा का असेना. ओला रंग उधळता येत नाही, हा त्याचा मोठाच गुण आहे.

मेहंदीविषयी

मेहंदीच्या शुद्ध पानांचा रंग नारिंगी-तपकिरी असतो. तो चढण्यास काही तास लागतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गडद होतो. जी मेहंदी अर्ध्या तासात कुळकुळीत काळी होते, तीत बहुधा पॅराफेनिलीनडायअमीन, म्हणजे केश रंगविण्याचे द्रव्य, मिसळलेले असते. त्याने नक्षीच्याच आकाराचे फोड उठतात. एवढ्यावर ते थांबत नाही. एकदा शरीर त्या द्रव्यास संवेदनशील झाले की ती प्रवृत्ती जन्मभर टिकू शकते. पुढे केशरंग, काही कापडांचे रंग आणि काही स्थानिक भूलद्रव्ये यांचाही त्रास होऊ शकतो. ‘काळी मेहंदी’ या नावाचा कोन आपल्या दुकानात लहान मुलांसाठी मागितल्यास नकार द्यावा, आणि नकाराचे कारणही सांगावे.

शुद्ध मेहंदीलाही एक अपवाद आहे. जी-६-पीडी या विकराची उपजत कमतरता असलेल्या बालकांत मेहंदीतील वर्णद्रव्यामुळे तांबड्या पेशी फुटून तीव्र पांडुता आल्याचे लिहिले गेले आहे. तान्ह्या बाळांत हा धोका विशेष असतो. ही कमतरता पारशी समाजात आणि आदिवासींतील काही गटांत तुलनेने अधिक आढळते, परंतु ती कोणत्याही कुटुंबात असू शकते. म्हणून दोन वर्षांखाली मेहंदी नको. पुढेही ती फक्त तळहातावर आणि थोडा वेळच असावी. जन्मानंतर तीव्र कावीळ झाली होती काय, कुटुंबात कोणाला काही औषधाने रक्त फुटण्याचा त्रास झाला काय, हे दोन प्रश्न विचारावेत.

हळद : विश्वासातील धोका

घरगुती रंगात हळदीइतके उत्तम द्रव्य नाही आणि म्हणूनच तिच्याविषयी दक्ष राहणे अगत्याचे आहे. हळकुंडे तेजस्वी पिवळी दिसावीत म्हणून त्यांना शिशाचे क्रोमेट चोळण्याचा अपप्रकार दक्षिण आशियात आढळला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून बांगलादेशातील हा प्रकार जगापुढे आला. त्यानंतर तेथील शासनाने कडक कारवाई केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारत, पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंका येथील पाहणीत पाटण्यातील काही नमुन्यांत शिशाचे प्रमाण ग्रॅमला १००० मायक्रोग्रॅमहूनही अधिक निघाले. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाची हळदीसाठीची मर्यादा ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम आहे, हे ध्यानी घेतल्यास अंतर कळून येईल. २०२० मध्ये युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे दर तिघांपैकी एकाच्या, रक्तातील शिसे डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक आहे.

हे शिसे डोळ्यांना दिसत नाही. वास वा चव यांवरूनही ओळखता येत नाही. उलट, शिशाने माखलेले हळकुंड अधिक देखणे दिसते. म्हणून सुटी, फार झळाळणारी हळदपूड घेऊ नये. माहितीच्या पुरवठादाराकडून न चोळलेली हळकुंडे घेऊन ती दुकानातच दळावीत. खरेदीच्या प्रत्येक लॉटबरोबर शिशाच्या तपासणीचा अहवाल मागावा. औषधिनिर्मितीसाठी आपण हा अहवाल मागत असूच. किरकोळ विक्रीच्या हळदीसाठीही तीच शिस्त हवी.

निरुपद्रवी रंगांच्या कृती

केवळ ‘हे नको, ते नको’ असे सांगून पालकांस परत पाठविले तर ते बाजारातील सुटा रंग घेतील. म्हणून पर्याय हाताशी हवा. पुढील कृतींत स्वयंपाकघरातीलच द्रव्ये मुख्यतः योजिली आहेत.

मूळ लगदा : तांदळाची पिठी ४० ग्रॅम घेऊन ती ४०० मिलिलिटर गार पाण्यात गुठळी न होता कालवावी. मंद आचेवर सतत ढवळत पाच ते सात मिनिटे शिजवावी. लापशीसारखी झाली की उतरवून पूर्ण निववावी. शिजलेल्या तांदळात जंतू झपाट्याने वाढतात. तेव्हा हा लगदा त्याच दिवशी वापरावा. शीतकपाटात ठेवला तरी दुसऱ्या दिवसानंतर टाकून द्यावा. गव्हाच्या पिठाची वा अन्य अन्नाची ज्यांना ॲलर्जी आहे अशी मुले वर्गात आहेत काय, हे आधी विचारावे. खेळण्याच्या कणकेत टिकण्यासाठी वाटी-वाटी मीठ घालतात, तेही टाळावे. इतके मीठ पोटात गेल्यास लहान मुलास अपाय होतो.

पिवळा : १०० मिलिलिटर लगद्यात खात्रीच्या हळदीची अर्धा चमचा पूड शिजतानाच घालावी. त्वचेवर एखादा दिवस पिवळेपणा राहील आणि कपड्यांवरील डाग उन्हात वाळविल्यावर पुष्कळसा विरेल, हे पालकांना आधीच सांगावे.

गुलाबी : बीट किसून, पिळून काढलेला दोन चमचे रस निवलेल्या लगद्यात मिसळावा. उष्णतेने हा रंग फिका पडतो, म्हणून तो शिजवू नये. मुलाने तो चाटल्यास मूत्र वा मल गुलाबी दिसू शकतो. ही सूचना न दिल्यास पालक घाबरून धावत येतात.

हिरवा : पालकाची पाने उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून, वाटून, गाळून घ्यावीत. यात आंबट पदार्थ मिसळल्यास हिरवा रंग मळकट होतो.

निळा : गोकर्णाच्या निळ्या फुलांच्या पंधरा-वीस पाकळ्या अर्धी वाटी गरम पाण्यात भिजवून त्या पाण्यातच पिठी शिजवावी. कागदावर लिंबाचा थेंब टाकला की निळ्याचा जांभळा होतो. ही मौज मुलांना फार आवडते. केवळ पाकळ्याच घ्याव्यात. गोकर्णाचे मूळ व बीज रेचक आहेत.

केशरी : पळसाची वाळलेली फुले १० ग्रॅम, २०० मिलिलिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी उकळावीत व गाळावीत. रंगपंचमीस पूर्वापार चालत आलेला हा रंग आहे. दुकानदारांनी फाल्गुनात ही फुले स्वच्छ निवडून पाकिटात ठेवली तर त्यांना चांगली मागणी येते.

तांबडा टिळा : रक्तचंदनाचे खोड सहाणेवर उगाळून मिळणारे गंध कपाळापुरते वापरावे. तयार पुडीत भेसळ व रंग असण्याची शक्यता अधिक असते, म्हणून खोडच द्यावे.

पांढरा व तपकिरी : वाटलेल्या तांदळाची पेस्ट पांढऱ्यासाठी आणि भाजलेले नाचणीचे पीठ तपकिरीसाठी पुरते. पालघर जिल्ह्यातील वारली स्त्रिया गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्याच पिठाने चित्रे काढत आल्या आहेत. गेरू मात्र कागदासाठी व भिंतीसाठीच ठेवावा. त्याच्या मातीत काय मिसळले आहे याची खात्री नसते आणि माती खाण्याची सवय असलेल्या मुलांना तो आयताच मिळतो.

काळा रंग आम्ही मुद्दाम दिलेला नाही. काजळी, शाई, केशरंग यांपैकी काहीही मुलाच्या तोंडात जाण्याजोगे नाही. काळ्यावाचून वाघाचे पट्टे अडत असतील तर ते तपकिरी करावेत. मुलांची त्यास हरकत नसते.

वयोविचार

सुश्रुतांनी केलेले क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद हे वयाचे विभाग येथे उत्तम उपयोगी पडतात. क्षीरप बालकास, म्हणजे एक वर्षापर्यंत, अंगाला रंग लावूच नये. ताटलीतील मऊ भात, शिजवलेली गाजराची वा भोपळ्याची लापशी त्याने कुस्करावी, एवढा खेळ पुरे. क्षीरान्नाद वयात, एक ते दोन वर्षांत, वरील खाद्य रंग कागदावर हातांनी खेळू द्यावेत. चेहरा वर्ज्य मानावा. अन्नाद मुलांस हात, पाय व गाल यांवर रंग लावता येईल. मात्र डोळ्यांभोवतीचा व ओठांवरचा भाग सर्व वयांत मोकळा ठेवावा. खरूज, इसब, गोवर-कांजिण्यांनंतरची त्वचा वा ताजे खरचटलेले असेल तर त्या दिवशी रंग नको.

कोणताही नवा रंग प्रथम कोपराच्या आतील बाजूस रुपयाएवढा लावून पाहावा आणि ४८ तास लक्ष ठेवावे. रंग काढताना आधी खोबरेल तेल चोळावे, नंतर मसूरडाळीच्या पिठाने वा साध्या साबणाने कोमट पाण्यात धुवावे. रॉकेल, टर्पेंटाइन व घासणी यांचा वापर मुळीच करू नये.

केव्हा थांबून राहू नये

चिकित्सकांनी पुढील लक्षणांची नोंद ठेवावी. मेहंदीनंतर दोन-तीन दिवसांत मूल फिकट वा पिवळे पडणे आणि मूत्र गडद चहासारखे होणे. रंगाच्या जागी फोड, सूज, डोळे वा ओठ सुजणे. पूड श्वासात गेल्यावर खोकला व धाप लागणे. कापूर वा तेल पोटात गेल्यावर झटके येणे. यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता मुलास तत्काळ रुग्णालयात धाडावे आणि वापरलेल्या द्रव्याची पुडी सोबत द्यावी. डोळ्यात चुना गेल्यास जागच्या जागी स्वच्छ पाण्याच्या धारेखाली किमान वीस मिनिटे डोळा धुवावा आणि मगच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. पोटात काही गेल्यास बळेच वमन करवू नये. शिशाचा संशय असल्यास रक्तातील शिशाची तपासणी करवून घ्यावी. त्याची लक्षणे उशिरा, अस्पष्ट व पुष्कळदा केवळ अभ्यासातील मागेपणा या रूपाने दिसतात.

विक्रीचा कायदेशीर भाग

कृती सांगणे वेगळे आणि पाकीट विकणे वेगळे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार शरीराचे सौंदर्य वाढविण्यासाठी वा रूप पालटण्यासाठी अंगास चोळावयाचा, शिंपडावयाचा वा लावावयाचा पदार्थ सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येत येतो आणि त्याच्या निर्मितीस २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार परवाना लागतो. बोटांनी रंगविण्याचे रंग हे खेळण्यांच्या नियमनात येतात. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला असून बोटरंगांसाठी आयएस ९८७३ या मानकाचा सातवा भाग आहे. आपल्याकडे आयुर्वेदीय औषधनिर्मितीचा परवाना आहे म्हणून ‘बालरंग’ नावाची डबी काढता येईल असे कोणी गृहीत धरू नये. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी विचारणा करून मगच पाऊल उचलावे.

दुकानातील पाच नियम

प्रत्येक औषधिविक्रेत्याने पुढील पाच गोष्टी आपल्या नोकरवर्गास समजावून द्याव्यात.

एक, परिशिष्ट ई (१) मधील द्रव्ये वेगळ्या, कुलूपबंद फडताळात ठेवावीत. त्यांचे माप व चमचा वेगळा असावा.

दोन, कोणतेही रंगद्रव्य देताना ‘कशासाठी हवे?’ हा प्रश्न विचारल्यावाचून पुडी बांधू नये.

तीन, लहान मुलासाठी हवे असेल तर वय विचारावे.

चार, पुडीवर द्रव्याचे पूर्ण नाव, दिनांक आणि ‘फक्त कागदासाठी’ वा ‘अंगास चालेल’ अशी सूचना मराठीत लिहावी.

पाच, टाकणखार, चुना, मोरचूद, शंखजिरे, कापूर ही द्रव्ये मुलांच्या खेळासाठी देऊ नयेत. वर दिलेल्या कृतींची एक छापील चिठ्ठी मात्र विनामूल्य द्यावी.

यात विक्रीचे काही नुकसान होईल, ते मान्य आहे. टाकणखाराची एक पुडी कमी खपेल. परंतु ‘नैसर्गिक’ हा शब्द उच्चारून जे पालक आपल्या दारी येतात, ते द्रव्याची परीक्षा आपण केली आहे असे धरूनच येतात. ती परीक्षा आपण केली नाही तर त्यांच्या घरी ती करणारे दुसरे कोणी नाही. दुकानाच्या फळीपाशी विचारलेल्या एका प्रश्नाने बालकाचे डोळे, रक्त वा बुद्धी यांचे रक्षण होत असेल, तर तो प्रश्न विचारणे हाही चिकित्सेचाच भाग समजावा, अशी सर्व व्यवसायबंधूंना आमची विनंती आहे.